एका कपाचं आधण

यजमान गेल्यानंतर सुलभाताईंनी प्रथमच आमच्या वाचनगटाला घरी बोलावलं होतं. या महिन्याच्या कादंबरीतली विधवा नायिका रोज सकाळी दोघांचा चहा करते. मी नेहमीप्रमाणे मुद्दे काढून नेले होते.

"वाच बाई, तुझी वाणसामानाची यादी," नीता म्हणाली.

मी पहिला मुद्दा वाचला. "नवरा गेलाय, हे ती मनातून नाकारते आहे."

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुलभाताई दारातच थांबल्या. "नाकारत नाही गं. तिला चांगलं ठाऊक आहे. पण एका कपाचं आधण फार लवकर उकळतं. मग उरलेल्या सकाळचं काय करायचं?"

कादंबरीतल्या माणसांच्या मनाला आपण कुठलंही नाव दिलं, तरी ती उलटून बोलत नाहीत. म्हणून नाव सापडलं की माणूस कळला असं वाटतं. नाव बहुधा बरोबरही असतं. पण सकाळी उठून गॅस पेटवायचा असतो तो त्या माणसालाच.

सुलभाताई धरून आम्ही चौघी होतो. ट्रेमध्ये पाच कप होते. मी पुढचा मुद्दा वाचला नाही. पाचव्या कपावर हळूहळू साय धरत गेली.