विमलची मैत्रीण

घर नसलं की सामान साठत नाही, किस्से साठतात. त्यांना कपाट लागत नाही ना! मी आणि विमल, दोघी ठाण्यात पुलाखाली राहिलेल्या. आता निवारा केंद्रात असतो. तिथल्या पल्लवी मॅडम आम्हाला कॉलेजांत नेतात, रस्त्यावर कसं जगलो ते पोरांना सांगायला.

*

पहिल्याच कॉलेजात प्रिन्सिपॉल साहेबांनी मला शाल घातली, हातात नारळ दिला. मी माइकमध्येच बोलले, "साहेब, शाल झकास आहे. पण मी पुलाखाली कुडकुडत होते तेव्हा कुठे होतात?"

हॉल हसला. साहेब पण हसले, जरा उशिरा.

*

डोंबिवलीला वॉचमनने गेटवरच अडवलं. "मावशी, बाजूला बसा. आज मोठ्या पाहुण्या यायच्यात."

मी बसले त्याच्याच स्टुलावर. कोण येणार म्हणून विचारलं, तर म्हणे माहीत नाही, पण बॅनर लावलाय म्हणजे मोठीच कोणीतरी असणार. बिचाऱ्याने अर्धा चहा पण पाजला. पल्लवी मॅडम मला शोधत आल्या, तोवर आम्ही दोघं पाहुणीची वाट बघतोय!

*

एका हॉलमध्ये सतरंजी होती, म्हणून चपला दाराबाहेर. एका पोरीने विचारलं, फुटपाथवर झोपताना सगळ्यात जास्त भीती कसली वाटायची? मी म्हटलं, कार्यक्रम संपला की सांगते.

संपला. तिथले सर बाहेर गेले तर त्यांच्या सँडल गायब! इकडे बघ, तिकडे बघ. मग मी पदराखालून काढून दिल्या. "हीच भीती, सर. आम्ही उशाशी घेऊन झोपायचो."

*

विमलची तऱ्हाच वेगळी. सुनेशी भांडून तिने कल्याणचं घर सोडलेलं. कोलशेतला एका बंगल्यात कामाला राहिली. मालकीण वारली, बंगला विकला, ही रस्त्यावर. घरी मात्र फोनवर अजून सांगते, बंगल्यातच आहे. का, तर लेकाची मान खाली जाईल.

म्हणून माइक हातात आला की सुरुवात ठरलेली, "माझी एक मैत्रीण होती..." आणि बघते माझ्याकडे! भोगलं हिने, आणि पोरं पाया पडतात माझ्या.

*

कल्याणच्या कॉलेजात जायला ती तयारच नव्हती. नात तिथेच शिकते ना, सायली. मी म्हटलं, अगं, एवढ्या मोठ्या कॉलेजात तुझीच नात कशाला येऊन बसतेय? ओढूनच नेली.

सायली तिसऱ्या रांगेत! विमलला दिसली तेव्हा माइक हातात आलेला. मला वाटलं, आता ही पळते. पण बोलली. मैत्रीण, सून, बंगला, पूल, सगळं बोलली.

मग प्रश्न विचारायला सायली उभी राहिली.

"आजी, तुमच्या मैत्रिणीला एक निरोप सांगाल? आमच्या घरी एक खाट रिकामी आहे. आई रोज झटकून ठेवते."

विमलने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तिला विचारून सांगते."

मी शेजारीच बसलेले. मला कोणी विचारलंच नाही!