कांद्याचं पथ्य

भाताच्या रोपांसाठी आम्ही उन्हाळ्यात शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतो. त्या धुरानं माझ्या वहिनीला दम लागायचा. डॉक्टरांनी पंप दिला होता. पण पंपाची सवय लागते असं म्हणत दादानं खोपोलीहून होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या. कच्चा कांदा बंद, एवढंच पथ्य. वहिनीनं ते काटेकोर पाळलं. पावसाळाभर तिला त्रास झाला नाही, तर आळीतल्या बाया म्हणाल्या, "गुण आला गं बाय!" अरे, पावसात राब पेटतो कुठे?

पुढच्या उन्हाळ्यात धुरानं वहिनीचा श्वास कोंडला तेव्हा दादानं तिच्या जिभेवर गोळ्या ठेवल्या. पंप कुणाला सापडलाच नाही. बांधावरच तिचा जीव गेला.

यंदाही आम्ही राब भाजला. पुतणीला धाप लागते. आता तिनंही कांदा सोडलाय.