तूदाला हाक

ॲटलासच्या आमच्या डोंगरात ढगांना धूर देणारा माणूस एकच, बास्सूदादा. शहरातल्या कचेरीतून फोन आला की कड्यावरची भट्टी पेटवायची आणि चांदीचं औषध जाळायचं. तो धूर ढगात शिरला की पाऊस धरतो, असं साहेब सांगायचे. आधी हा मेंढ्या राखायचा, पण नोकरी लागल्यावर ऐट अशी, की आभाळाची किल्ली जणू याच्याच कमरेला.

त्याची बायको तूदा ही ऐट उतरवण्यात पटाईत. तिसऱ्या कोरड्या वर्षी तिने बायका जमवल्या, लाकडी पळीला नवरीचे कपडे चढवले आणि पाऊस मागायला कोरड्या ओढ्यातून मिरवणूक काढली. आमच्याकडची जुनी रीत.

"तुझ्या पळीनं पाऊस पडला तर मिशी उतरवीन!" बास्सू म्हणाला.

"वस्तऱ्याला धार लावून ठेव," तूदा म्हणाली.

त्याच दुपारी फोन आला. बायका ओढ्यात आहेत हे त्याला ठाऊक होतं. पण पळीच्या आधी आपला पाऊस पडावा, या हट्टापायी त्याने भट्टी पेटवली. तासाभरात वरच्या अंगाला ढगफुटी झाली. बाकीच्या बायका काठावर चढल्या, तूदा पळी सावरत मागे राहिली. पळी कण्हेरीच्या झुडपात अडकलेली सापडली, नवरीच्या वेषात. तूदा सापडलीच नाही.

साहेब म्हणाले, एवढा पाऊस तुझ्या धुराने पडत नाही. बायका म्हणाल्या, तो आमच्या नवरीने आणला. त्याचा गुन्हा त्याला कोणी देईना. मिशी मात्र त्याने उतरवली.

तेव्हापासून फोन आला की तो आधी ओढा पालथा घालतो. वळणावळणाला "तूदा, वर ये गं!" म्हणून हाक मारतो, उत्तराला थांबतो, मग कड्यावर जातो. तोवर ढग निघून जातात. यंदा विहिरी आटल्या, तेव्हा शेजारी म्हणून मीच त्याच्यावर चिडलो.

"दादा, तुझ्या हाकांपायी गाव तहानेनं मरेल!"

"ओढ्यात कोणी नाही हे बघितल्याशिवाय पेटवू कसा?"

"तू वर जा. ओढा मी बघतो. रिकामा असला की फडकं हलवीन."

"हाक मारशील?"

"मारीन रे बाबा."

"नुसती मारू नकोस. उत्तराला थांब."

पहिल्या दोन वळणांना लाजत लाजत हाक मारली. तिसरी मारली ती कण्हेरीपाशी, आणि लगेच फडकं हलवलं. वर धूर निघाला, ढग काळवंडले, टपोरे थेंब पडू लागले. मी काठावर चढायला हवं होतं. पण पाय उचलेना. ओढ्यात कोणी नाही, असं मी त्याला कळवून बसलो होतो, आणि तिसऱ्या हाकेचं उत्तर अजून यायचं होतं.