ईश्वरीची हजेरी

गाव सोडलं त्या सकाळी आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. शाळेचे गुरुजी सायकलवरून उतरले आणि माझ्या नातीकडं बघून म्हणाले, "ईश्वरी?" तिनं हात वर करून ठणकावून सांगितलं, "हजर." जाऊबाई, तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात, आठवतंय ना? डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हिचं सगळं सावकाश होणार. सात वर्षांच्या लेकराला नीट येत होता तो हा एकच शब्द. वर्गात कुणाचंही नाव घेतलं तरी ही आपली हजर. गुरुजी मग तिचं नाव दोनदा घ्यायचे, सुरुवातीला आणि शेवटाला.

तिला शिकवणारी शाळा शहरात मिळेल म्हणून तर दत्तानं, माझ्या लेकानं, चाकणच्या कंपनीत काम धरलं. काळेवाडीत खोली केली. त्याची शिफ्ट, सूनबाईचे डबे. शाळा हिंडायचं काम माझं. पहिल्या शाळेत मॅडम दुसऱ्याच पोराला हाक मारत होत्या आणि ही मध्येच हजर, हजर. मॅडम गोड हसल्या, सीट फुल्ल म्हणाल्या. पुढच्या शाळेत म्हणाले, हिला आधी गप्प बसायला शिकवा.

मला सासरी धाडताना आई म्हणाली होती, "तोंड मिटून राहा बाई, म्हंजे माणसं सांभाळून घेतात." तेच मी ईश्वरीला शिकवलं. तिनं तोंड उघडलं की तिच्या ओठावर बोट ठेवायचं. शाळेच्या दारात, मग बसमध्ये, मग घरीसुद्धा. लेकरू शिकलं. मला वर कौतुक वाटायचं, की बघा, हिला काही येत नाही म्हणतात.

दोन वर्षांनी आकुर्डीत एक शाळा मिळाली. तिथल्या बाई फरशीवर तिच्याशेजारी बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आजी, हिला काय आवडतं?" असं कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "हजेरी आवडायची."

आता मी रोज वर्गाबाहेर पायरीवर बसते. बाई तिचं नाव घेतात आणि थांबतात. बाकीची पोरंही थांबतात. ईश्वरी स्वतःचंच बोट स्वतःच्या ओठावर ठेवते. बाई रागावत नाहीत, हजेरी लावतात, उद्या पुन्हा थांबतात.

जाऊबाई, फोनवर विचारता, घर झाडून ठेवू का, कधी येताय? येईन हो. पण तिचं नाव घेतल्यावर अख्खा वर्ग थांबतो ना, तेवढंच आता मला घर वाटतं. तेवढा वेळ मी माझं बोट पदरात घट्ट आवळून बसते.