मुलुंडच्या दुकानाची पहिली भवानी

एसटी फाट्यावर थांबली तेव्हा वहिनीचे हात कोकमासाठी फोडलेल्या रातांब्यांच्या रसाने लाल होते. मी नोकरीसाठी मुंबईला निघाले होते. ती महिन्यापूर्वी लग्न होऊन आमच्या घरी आली होती. आईने माझी पिशवी वर दिली आणि तिला म्हणाली, "चल गो, साली उन्हात आसत." दोघी वळून चालू लागल्या. माझी जागा भरली गेली, हे मला एसटीच्या खिडकीतून दिसलं.

पुढची वर्षं अंधेरीतल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. आवृत्ती बंद झाली तेव्हा मुलुंडच्या फ्लॅटमधून ऑनलाइन दुकान सुरू केलं: घरचं कोकम, त्याच्या खारवलेल्या रसाचं आगळ, कुळथाचं पीठ. माल दादा गावाहून पाठवायचा. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, म्हणून खवय्यांच्या एका ऑनलाइन समुदायात लिहू लागले. तिथे सदस्य मतं देतात आणि जास्त मतांचा मजकूर वर चढतो. आधी लोकांच्या उपयोगी पडायचं, स्वतःचा धंदा क्वचितच पुढे करायचा, असा नियम. मी तो पाळला. लेख नेटके होते. मतं दोन-चार पडत.

वहिनीही तिथे होती. तिने खळ्यात सुकणाऱ्या सालींचा फोटो टाकला, कडेला आईचा हात. खाली एवढंच: "सासूबाई म्हणतात, रसात बुडवल्याशिवाय परत उन्हात घालू नका." लोकांची रीघ लागली. माझी आई, माझं खळं, मला लहानपणापासून पाठ असलेली कृती. आणि कौतुक तिचं. त्या फोटोला मी मत दिलं नाही.

शेवटी एकदा मी दुकानाची लिंक टाकली आणि आईला फोनवर सांगितलं. आमच्या वाडीत कुणी दुकान काढलं की पहिल्या दिवशी सगळी वाडी जाऊन काहीतरी विकत घेते. "पयली भवानी आपल्या माणसांची," असं आई म्हणते. त्या दुपारी वाडी आमच्या ओसरीवर जमली. वहिनीने घरच्या वायफायवर एकेकाचं खातं उघडून दिलं. सगळ्यांनी मतं दिली आणि खाली लिहिलं, "ताईचा माल एक नंबर." संध्याकाळी समुदाय चालवणाऱ्यांनी माझ्या लिंकवर कायमची बंदी घातली. कारण: एकाच घरातून बनावट मतदान.

मी फोन केला.

"शेजारचे आजोबापण इले, चष्मो घेवन," वहिनी म्हणाली. "मतां कमी पडली काय गो?"

"जास्त झाली, वहिनी."

ती हसली. मी सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "मगे आता दुकान?"



दुसऱ्या दिवशी तिने समुदायात सगळं लिहिलं: आमच्याकडची रीत, वायफाय, आजोबा. "नणंदेला यातलं काही माहीत नव्हतं." माझ्या लिंकवरची बंदी उठली नाही. तिचं खातं मात्र वाचलं. सदस्यांनीच तिची बाजू घेतली. याचंही मला वाईट वाटलं. माल कुठे मिळेल, असं लोक तिला खासगीत विचारू लागले आणि ती त्यांना माझ्याकडे धाडू लागली. दुकान आता चालतं. प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं, "वहिनींकडचंच ना?" मी लिहिते, "हो."

गाव सोडणाऱ्याला वाटतं, घर आपली जागा राखून ठेवेल. मागे राहिलेल्यांना कामं असतात; ती जागा ते वापरतात. गेल्या मे महिन्यात मी रातांबे फोडायला बसले, तर आई म्हणाली, "ऱ्हवांदे, तू पावणी." वहिनीने सुरी माझ्याकडे सरकवली आणि फोटो काढला. खाली लिहिलं, "नणंद घरी आली आहे."

त्या फोटोला मी मत दिलं. हेवा तसाच होता. दिलं ते निघताना, फाट्यावर एसटीची वाट बघत, घरच्या वायफायपासून लांब, स्वतःच्या डेटावर.