उलटा खांब

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे मानसिंगराव, माणसाशी बोलण्याआधी हात उगारत. माझा पुढचा दात त्यांनीच पाडला. पटाशी मागितली असताना मी रंधा दिला, एवढ्याच कारणावरून. अक्कावर त्यांनी हात टाकला तो मात्र एकदाच. साळूअक्कानं चुलीतलं पेटतं लाकूड ओढलं आणि त्यांच्या मांडीला लावलं. तो डाग मरेपर्यंत राहिला आणि पुन्हा त्यांनी तिला बोट लावलं नाही. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

बसऱ्याच्या लढाईवरून ते एकवीस साली उत्रोलीला परतले. पलटणीत पूल बांधायच्या कामावर होते, तिथून हत्यारांची एक पेटी आणि लाकूड घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा घेऊन आले. त्यांच्या वडिलांचं घर पडायला टेकलं होतं. मागची भिंत फुगलेली, आढं वाकलेलं. गावाचा सुतार कोंडिबा. नांगर, दारं, गाडीची चाकं, सगळं त्यानं करायचं आणि सुगीत प्रत्येकानं खळ्यावर त्याला बलुतं घालायचं, ही रीत. दाजींच्या घराला तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी दाजींनी चारचौघांत त्याची गचांडी धरली, त्याला चिखलात लोटलं आणि सांगितलं, "माजं घर म्या बांधीन. तुजी सावली पडू देऊ नगंस."

अक्काचा निरोप आला म्हणून मी, गेनू, सारोळ्याहून मदतीला गेलो. मदत कसली, नुसता मार खाणं. दाजी घर दुरुस्त करत नव्हते, घराशी भांडत होते. घणाचे घाव घालून त्यांनी मागची भिंत अशी पाडली की शेजाऱ्याची गाभण शेळी दगडांखाली गेली. भिंतीतून नाग निघाला, त्याचे फावड्यानं तीन तुकडे केले. माझ्या हातून तुळई निसटली तेव्हा त्यांनी कमरेत लाथ घातली, ती जागा आजही थंडीत दुखते. पण माणसाच्या हातात कसब होतं, हे नाकारून चालणार नाही. दगड चढला, मातीचा गिलावा झाला, वाकलेलं आढं सरळ झालं.

गोठ्याच्या अंगाला त्यांनी स्वतःसाठी कामाची जागा केली. जाड फळ्यांचं मेज, त्याला तो शिकंजा, भिंतीतल्या खुंट्यांवर करवती, लाकूड तासायचा वाकस, पटाश्या. मधोमध ऐनाचा चौकोनी तासलेला खांब. ऐन त्यांच्याच बांधावरचा, त्यांनीच तोडलेला. गाव त्या जागेला मानसिंगाचा कारखाना म्हणू लागलं. मग कुणी मोडकी खाट घेऊन यायचं, कुणी पाट. कोंडिबाच्या दारातली वर्दळ कमी झाली.

वैशाखात एका सकाळी कोंडिबा वाटेवर येऊन उभा राहिला. बायका पाण्याला निघाल्या होत्या, माणसं शेताला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मानसिंगराव, खांब उलटा रोवलाय तुमी. शेंडा खाली, बुडखा वर. असल्या घराचं भलं होत न्हाई."

आमच्याकडे हे लहान बोलणं नव्हे. झाड जसं उभं वाढलं तसाच खांब रोवायचा, आणि तासलेल्या खांबाचा बुडखा कुठला ते लाकूड बघून सुतारालाच कळतं. उलट्या खांबाच्या घरात सोयरीक करायलासुद्धा लोक कचरतात. दाजी हातोडा घेऊनच बाहेर गेले. कोंडिबानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि घाव त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव घालायला हात उचलला तेव्हा मी मधे पडलो, तो माझ्या खांद्यावर बसला. कोंडिबाची बायको बनाबाई धावत आली. नवऱ्याची लोंबणारी बोटं तिनं पदरात धरली.

चावडीवर गाव जमलं. पाटलांचं म्हणणं, मानसिंगाला भोरला फौजदाराच्या ताब्यात द्यावं. कोंडिबा हाताला बांबूच्या कामट्या बांधून बसला होता. तोंड पांढरंफटक. तो म्हणाला, "ह्याला बेडी घालून माज्या घरात दाणं येतील व्हय? पाऊस म्हैन्यावर आलाय. गावाचं नांगर कोण भरनार? ह्यानंच भरायचं, ह्याच्या कारखान्यात. बलुतं माज्या घरी यायचं. माजा हात पुन्ना चालाय लागंस्तवर."

मराठ्याच्या पोरानं गावाची सुतारकी करायची आणि दाणे सुतारानं न्यायचे! दाजींच्या कपाळावरची शीर टरारली. आता हा माणूस चावडीतच खून पाडतो, असं मला वाटलं. पण त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. मग म्हणाले, "व्हय."

हात पुढे कधी चाललाच नाही. मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं. ही शिक्षा एकवीस वर्षं चालली.

कोंडिबा रोज सकाळी कारखान्याच्या उंबऱ्यात येऊन बसायचा, डाव्या हातात निरगुडीची काठी. त्याचाच वाकस आता दाजी चालवायचे आणि भिंतीला टांगायचे; घाव चुकीचा पडला की काठी दाजींच्या पाठीवर. 'मानसिंगराव' आणि 'तुमी' गेलं, 'अरं मुडद्या' आलं. दाजींनी लाकूड जोडून भरलेला पहिला नांगर रानात चार फेऱ्यांतच मोडला, तेव्हा कोंडिबानं त्याचाच तुकडा फेकून मारून त्यांची भुवई फोडली. दाजींनी एका झेपेत त्याचा गळा धरला. कोंडिबाचे डोळे बाहेर आले, तरी तो घशातून म्हणाला, "आवळ. मंग शिकवंल कोन?" दाजींनी हात काढला, भुवईवरचं रक्त पुसलं आणि दुसरं लाकूड घेतलं. सुगीत बलुत्याची पोती ते स्वतःच्या पाठीवरून बनाबाईच्या घरी टाकून यायचे.

गावाला चघळायला विषय मिळाला तो खांबाचा. वाटसरूसुद्धा विचारायचे, "उलट्या खांबाचं घर हेच का?" एरवी शिवीला धोंडा उचलणारे दाजी ह्या प्रश्नावर चकार शब्द काढत नसत. अक्का रडायची, खांब फिरवा म्हणायची. दाजी म्हणत, "ऱ्हाऊ दे."

चव्वेचाळीस साली कोंडिबा तापानं अंथरुणाला खिळला. त्यानं दाजींना बोलावलं; मी अक्काकडे आलो होतो, मीही गेलो. बनाबाई काढा आणायला उठली तेव्हा तो कुजबुजला, "मानसिंगा, खांब सरळच हाय. त्या दिशी बी सरळच हुता. माजं प्वाट मारलं जात हुतं म्हनून खोटं बोललो."

एकवीस वर्षांची बदनामी, ती ह्या खोट्यावर? दाजी ओरडले, "गप पड!" सवयीनं हात उगारला, आणि त्याच हातानं कोंडिबाची वाकळ वर ओढली.

कोंडिबा म्हणाला, "आता काम माजा परगावचा पुतन्या भिमा येऊन बघंल. पक्का सुतार हाय. गाठीवर हात फिरवला की खांब त्याला कळंल. चुलता लबाड हुता म्हनंल. गाव बनीच्या तोंडावर थुकंल." दुपारी तो गेला.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर दाजींनी मला कारखान्यात नेलं. तुळईखाली चार टेकू लावले आणि पहार घेऊन खांबाचा पाया खणायला लागले. मी विचारलं, "दाजी, खांब सरळ हाय हे तुमाला ठावं हुतं?"

"झाड म्या तोडलं. बुडखा कुठला ते मला ठावं नसंल व्हय?"

"मंग इतकी वरसं ऐकून का घेतलं?"

पहार थांबली. "त्यो खोटं बोलला. पन हात म्याच फोडला न्हवं?"

अक्का दारात उभी होती. दाजी घरावर काय ओढवून घेतायत हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "उलटा बसवायचा तर बसवा. पर ओळंबा लावून बसवा."

आम्ही दिवसभर खपलो. दाजी कोंडिबाला आयमाईवरून शिव्या देत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खांब उपसला, फिरवला, टोकाला नवी खाच पाडली, पुन्हा रोवला, माती चोपून शेणानं सारवली. ताज्या लाकडावर, ते जुनं दिसावं म्हणून, तेलात कालवलेली काजळी चोळली. संध्याकाळी माझ्या हातांची सालटं निघाली होती, पण ह्या माणसाबद्दल माझ्या मनात इतकी वर्षं जपलेला राग कुठे गेला ते मला कळेना.

तेराव्याला भिमा आला. जेवणानंतर गाव त्याला खांब दाखवायला घेऊन सरळ कारखान्यात घुसलं. बनाबाई मागे उभी होती. भिमानं खांबाच्या गाठींवर खालून वर हात फिरवला, वाकून पायथा बघितला.

"चुलता खरं बोलत हुता," तो म्हणाला. "खांब उलटाच हाय."

बनाबाई पुढे आली. भरल्या डोळ्यांनी तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"चूक माजी हुती," दाजी म्हणाले, आणि भिंतीवरचा कोंडिबाचा वाकस काढून त्यांनी भिमाच्या हातात दिला.