आईला एकच ग्रह दिसला

आई पुण्याहून अमेरिकेत सनीव्हेलला माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, की तिला नीट दिसत नाहीये. जिना उतरताना ती आधी पायाने पायरी चाचपायची. शेजारच्या काकू समोरून हात करायच्या, तर ही सरळ पुढे. मावशीचा एक डोळा काचबिंदूने गेलाय, त्यामुळे माझ्या मनात तेच. पण विचारायचा धीर होईना. आमच्या घरात असलं थेट कोणी विचारत नाही, आणि मी तर नाहीच नाही.

मार्चच्या सुरुवातीला शुक्र आणि गुरू अगदी जवळ येणार होते. ऑफिसातून आल्या आल्या मी आईला पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलं. ग्रहांचं निमित्त. मला बघायचं होतं तिच्याकडे.

पश्चिमेला अजून केशरी उजेड होता आणि त्यात ते दोघे. शुक्र झगझगीत, गुरू जरा सौम्य.

"दिसले?"

"हो, काय मस्त!"

"किती आहेत?"

"एकच तर आहे. चिकटले वाटतं दोघे."

मला माझ्या चष्म्यातून मधलं अंतर स्वच्छ दिसत होतं.

"आई, तुझ्या डोळ्यांना काय होतंय?"

"काही नाही गं. तिकडे गेले की दाखवीन. इथल्या इन्शुरन्समध्ये डोळे बसत नाहीत. बारीक अक्षरातलं सगळं वाचलंय मी."

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, मांडीवर पेपर.

"अगं, तुझ्या त्या ऑफरच्या चष्म्याने वाट लावली माझी. एक अक्षर लागत नाही. काल दुकानदाराला चांगला झापला!"

आई निघायच्या आधी दोघांनी एकावर एक फुकट म्हणून अगदी सारखे चष्मे केले होते. तिचा लांबचा, बाबांचा वाचायचा. मी फोनकडे बघितलं, मग आईच्या नाकाकडे. तीच तपकिरी फ्रेम.

माझा आणि आईचा नंबर जवळपास एक. मी तिचा चष्मा काढला आणि माझा तिला घातला.

"अगंबाई! दोन आहेत की!"

"काय दोन?" फोनमधून बाबा.

"अहो, तुमचा चष्मा मी घेऊन आलेय! माझा लावून बसलाय तुम्ही!"

"आणि मी त्या माणसाला नाही नाही ते बोललो!"

"मग जा आता पेढे घेऊन."

मी कठड्याला टेकले. समोर नुसता एक धुरकट ठिपका दिसत होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

"दे आता माझा चष्मा."

"थांब गं जरा. इतक्या दिवसांनी धड दिसतंय." मग ती माझ्याकडे वळली. "अय्या, किती वाळलीयेस तू!"